विसरणाऱ्याच्या घरी जाताना

मराठवाड्यात म्हातारं माणूस विसरायला लागलं म्हणून त्याला कुणी दवाखान्यात नेत नाही. 'वय झालं', 'चळ लागला', 'साठी बुद्धी नाठी' एवढ्यावर विषय मिटतो. डॉक्टरकडे जायची वेळ येते ती बरीच पुढे, आजोबा रात्री दोनला कडी काढून बैल सोडायला निघतात तेव्हा. बैल विकून दहा-बारा वर्षं झालेली असतात. नाही तर आजी गल्लीभर सांगत सुटते की सून जेवायला घालत नाही, आणि ती सून त्याच वेळी आजीचं उष्टं ताट मोरीत ठेवत असते. तोवर घर थकलेलं असतं. भावाभावांत बोलाचाली झालेली असते, सोयऱ्यांनी सल्ले देऊन झालेले असतात, एखादा अंगारा आणि एखादा गंडाही होऊन गेलेला असतो.

ही पुस्तिका अशा घरांसाठी आहे, आणि त्याहून जास्त अशा घरी जाऊन बसणाऱ्यांसाठी आहे. चर्चच्या ओसरीवरून सुरू होणारं सेवाकार्य डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली असली, तरी तिच्यातलं काम कुठल्याही महिला मंडळाला, भजनी मंडळाला किंवा ज्येष्ठ नागरिक संघाला करता येण्यासारखं आहे. काम आखलं आहे ते नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांसाठी; ते का, हे पुढे येईलच.

आधी आजाराबद्दल, थोडक्यात. स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया हा एकच आजार नव्हे; मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांतून उद्भवणाऱ्या अवस्थेचं ते नाव आहे. त्यातला सगळ्यांत जास्त आढळणारा अल्झायमर. आलोईस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने 1906 मध्ये एका स्त्रीरुग्णाची हकीगत सहकाऱ्यांपुढे मांडली, तेव्हापासून वैद्यकाला तो माहीत आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडून होणारा स्मृतिभ्रंश वेगळा. रक्तदाब आणि साखर वर्षानुवर्षं बेताल राहिलेल्या आपल्या भागात त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. भारतात साठी ओलांडलेल्यांची मोठी पाहणी झाली. तिच्यावरून 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो की या वयोगटातल्या 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे देशभरात सुमारे 88 लाख माणसं. शहरात हे प्रमाण 5.3 टक्के, खेड्यात 8.4. बायकांत ते पुरुषांपेक्षा जास्त. 'हे शहरातल्या शिकलेल्यांचे आजार' असं गावाकडे सहज बोललं जातं. आकडे नेमकं उलट सांगतात. शाळेचं तोंड न पाहणं हाच या आजाराचा एक मोठा धोका आहे, आणि आज पंच्याहत्तरीत असलेल्या आपल्या आयांपैकी शाळेत किती जणी गेल्या, ते आपल्याला ठाऊकच आहे.

एक गोष्ट मात्र पहिल्याच भेटीत बघायला हवी, म्हणून ती प्रस्तावनेतच सांगतो. प्रत्येक विसराळूपणा स्मृतिभ्रंश नसतो. जीवनसत्त्व बी-12 ची कमतरता, थायरॉइडची मंद झालेली ग्रंथी, जोडीदार गेल्यानंतरचं खोल नैराश्य, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, या सगळ्यांत माणूस तसाच दिसतो आणि वेळेत उपचार झाले तर बऱ्याचदा सावरतो. दोन दिवसांत एकाएकी भ्रमिष्टासारखं बोलायला लागलेल्या म्हाताऱ्याला लघवीचा जंतुसंसर्ग असू शकतो. रक्ताच्या दोन-तीन तपासण्या न करता 'चळ लागला' म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे. विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ही तिन्ही सरकारी ठिकाणं या पट्ट्यात आहेत. निदानासाठी प्रत्येकाने पुण्याला किंवा हैदराबादला धावायची गरज नाही.

खरी अडचण निदान झाल्यानंतरची आहे. डोनेपेझिल, मेमँटिन अशी औषधं लक्षणं काही काळ थोडी आवरतात, गेलेलं परत आणत नाहीत. डॉक्टर चिठ्ठी देतात, 'काळजी घ्या' म्हणतात, पुढचा पेशंट आत येतो. काळजी म्हणजे काय घ्यायची, हे कुणी सांगत नाही. आठ-दहा वर्षं चालणाऱ्या या आजारात उपचाराचा मोठा भाग घरातच होतो, आणि तो करणारी व्यक्ती बहुतेक वेळा सून असते, नाही तर स्वतःच सत्तरीला आलेली बायको. त्या बाईला शिकवणं, तिच्या पाठीशी उभं राहणं, अधूनमधून तिला दोन तास मोकळं करणं हे काम सेवा म्हणून जोडीला येणारं नव्हे. या आजारातला तोच उपचार आहे. या पुस्तिकेला मुख्यतः एवढंच म्हणायचं आहे.

चर्चचा इथे काय संबंध, असं कुणी विचारेल. मराठी मुलखात ज्यांना घरादाराने बाहेर काढलं त्यांना आत घेण्याचं काम ख्रिस्ती संस्थांनी दीडशे वर्षं केलं आहे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपाशी, निराधार मुली-बायकांना गोळा केलं आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. 1890 च्या दशकात विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय थाटलं. निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल वसवलं. कुष्ठरोग्यांना हात लावायला कोणी तयार नव्हतं त्या काळात मिशनची कुष्ठधामं उभी राहिली. या कामामागे धर्मप्रसाराचा हेतू होता की नव्हता, हा वाद जुना आहे, आणि तसा हेतू होता हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जखमा धुतल्या गेल्या, हेही तितकंच खरं.

बाहेरच्या जगात याच वाटेने स्मृतिभ्रंशापर्यंत पोचलेली कामं आहेत. इंग्लंडमध्ये 1943 साली, युद्ध चालू असताना, वॉल्टर हॉल या मेथडिस्ट पाद्र्याने म्हाताऱ्यांसाठी घरं काढण्याचा घाट घातला. ती संस्था आज स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या तिथल्या मोठ्या धर्मादाय संस्थांपैकी एक आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ रॉबर्ट हॅमंड या अँग्लिकन धर्मगुरूने 1932 च्या मंदीत बेकार कुटुंबांना घरं मिळावीत म्हणून वसाहत सुरू केली. तिच्यातून वाढलेलं हॅमंडकेअर आता याच आजाराच्या सेवेसाठी ओळखलं जातं. मला स्वतःला या सगळ्यांपेक्षा बेल्जियममधल्या गेल या गावाची हकीगत जास्त जवळची वाटते. तिथे संत डिम्फनाचं देऊळ. वेडसर म्हणून टाकलेल्यांना नवसासायासाने तिथे आणायचे. मध्ययुगात कधी तरी चर्चची जागा अपुरी पडायला लागली, तेव्हा गावकऱ्यांनी ही माणसं आपापल्या घरी ठेवून घ्यायला सुरुवात केली. ती रीत शतकानुशतकं चालली. 1938 च्या सुमारास त्या छोट्या गावातल्या घरांत साडेतीन हजारांवर असे पाहुणे राहत होते: शेतात हात लावत, ताटावर बसत, पोरांशी खेळत. इमारत कमी पडली म्हणून घरं उघडली, आणि उपचार म्हणून घरंच सरस ठरली.

आपल्याकडे ओढ उलटी असते. पहिली बैठक झाली की भूखंडाचा विषय निघतो. इमारतीला देणगी लवकर मिळते, कोनशिलेवर नाव घालता येतं. घरोघर फिरणाऱ्या बाईच्या पगाराला देणगी मागायला गेलं तर माणसं खिडकीबाहेर बघतात. वीस खाटांचं स्मृतिभ्रंश केंद्र लातूरला उद्या बांधलं, तरी जळकोट, मुखेड, कंधारच्या वाडीवरची म्हातारी तिथे पोचणार नाही. पोचली तरी अनोळखी भिंतींत तिची अवस्था बिघडण्याचीच शक्यता जास्त.

मग काय करायचं, याचं उत्तर दोन ठिकाणी मिळतं. एक मराठवाड्याच्या सीमेला लागून, दुसरं गोव्यात.

जामखेड अहिल्यानगर जिल्ह्यात असलं तरी बीडच्या कडेला आहे आणि तिथलं ऊन, ज्वारी, दुष्काळ सगळं मराठवाड्याचंच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये तिथे आले. पाठीशी वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनची मदत होती. त्यांनी रुग्णालय काढलं, पण कामाचा भार टाकला गावातल्या बायकांवर. बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोगाचे चट्टे, कुपोषण ओळखायला शिकवलं आणि त्यांनी गावं बदलून दाखवली. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडची कहाणी छापून आली; आशाताई सरकारी योजनेत आल्या त्या त्यानंतर तीस वर्षांनी. आज त्याच वस्त्यांत प्रश्न बदलला आहे. पोरं जगायला लागली, माणसं म्हातारी व्हायला लागली. बाळंतपणासाठी ज्या बाईला दार उघडलं जात होतं तिलाच आता विसरणाऱ्या सासऱ्यासाठी दार उघडलं जाईल, अशी अपेक्षा ठेवायला काही हरकत नाही.

गोव्याचं काम तर थेट याच आजारावरचं आहे. त्याची पार्श्वभूमी थोडी सांगायला हवी. केरळात डॉ. जेकब रॉय या बालरोगतज्ज्ञांच्या वडिलांना हा आजार झाला. त्या अनुभवातून 1992 मध्ये अल्झायमर रुग्णांसाठीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. 1998 मध्ये कोचीच्या परिषदेत जगभरच्या संशोधकांचा एक गट जमला आणि त्याने स्वतःला नाव घेतलं '10/66'. स्मृतिभ्रंशाचे 66 टक्के रुग्ण गरीब आणि मध्यम देशांत, आणि त्यांच्यावर संशोधन 10 टक्केसुद्धा नाही, म्हणून हे नाव. याच वर्तुळातल्या डॉ. अमित डायस आणि 'संगत' या संस्थेने गोव्याच्या दोन तालुक्यांत एक प्रयोग केला, तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. 81 कुटुंबं घेतली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाकडे स्थानिक, कोकणी बोलणाऱ्या, फार शिकलेल्या नसलेल्या बायका सहा महिने नियमित जात राहिल्या. त्यांचं शिक्षण आठवडाभराचं, मागे मानसोपचारतज्ज्ञाचा आधार. त्या काय करत? आजार समजावून सांगत, चिडचिड कशी हाताळायची ते दाखवत, घरातल्या इतरांना कामाची वाटणी करायला लावत, सरकारी योजनांची माहिती देत. आणि ऐकत.

निकाल प्रामाणिकपणे मांडला होता, म्हणून तो जास्त मोलाचा. रुग्णांच्या कामकाजात ठळक सुधारणा दिसली नाही. काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य मात्र स्पष्टपणे सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. देणगीदाराला 'रुग्ण बरे झाले' असं ऐकायचं असतं. तसं इथे सांगता येत नाही. ज्यांना हे पचत नाही त्यांनी या कामात न पडलेलं बरं.

आता नांदेड-लातूर. गोव्याची पद्धत जशीच्या तशी उचलून इथे ठेवता येणार नाही, कारण स्मृतिभ्रंशात माणसाची अलीकडची आठवण आधी जाते आणि जुनी मागे राहते. म्हणजे रुग्ण ज्या काळात राहायला जातो तो काळ कार्यकर्त्याला माहीत असावा लागतो. या दोन जिल्ह्यांतला तो काळ साधा नाही.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3.56, किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद अंगावर आलं. किल्लारी-सास्तूर पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि 52 गावं उचलून नव्या जागी वसवली गेली. नवी गावं सरळ रेषेत आखलेली, रुंद रस्ते, एकासारखं एक घर, घराला नंबर. तेव्हा चाळिशीत असलेली माणसं आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याला हा आजार झाला की नवं गाव आधी पुसलं जातं. तो 'घरी जायचंय' म्हणतो ते जुन्या गावठाणातल्या, आता नसलेल्या घराबद्दल. मुलगा वैतागून सांगतो, 'अहो बाबा, हेच आपलं घर.' बाबा मानत नाहीत, कारण त्यांच्या घराला माळवद होतं, मधे चौक होता, बळद होतं. तिथे वाद घालू नये. 'चौकात काय काय होतं हो?' असं विचारावं, बोलू द्यावं, थोडं बरोबर चालावं. पण त्या घरातलं कोण कोण गेलं हे माहीत नसताना असा प्रश्न विचारणं धोक्याचं आहे. गेलेल्या पोराची बातमी त्या बापाला दरवेळी नव्याने कळते. म्हणून पहिल्या भेटीत घरच्यांकडून माणसांची यादी काढायची: जिवंत कोण, गेलेले कोण, कशाने.

त्याच्याही मागे 1948 आहे. आज जे पंच्याऐंशीच्या पुढे आहेत ते निजामाच्या राज्यावर झालेल्या पोलीस ॲक्शनच्या वेळी आठ-दहा वर्षांचे होते. एका घरातल्या आजोबांना रात्री रझाकार दिसतात. दुसऱ्या मोहल्ल्यातल्या नानींना सप्टेंबरनंतरचे दिवस दिसतात, त्यांच्या वस्तीवर जे आले ते. दोन्ही भीती खऱ्या आहेत, आणि कार्यकर्त्याने त्यांची तुलना करायची नसते. दार लावायचं, दिवा चालू ठेवायचा, हात धरून बसायचं.

भाषेचा प्रश्न तसाच. देगलूर-बिलोलीत घरात तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवट-माहूरला गोंडी, तांड्यावर गोरमाटी, नांदेड शहरात दखनी आणि पंजाबी. निजामाच्या काळात शाळेत गेलेल्यांची सही आजही उर्दूत. आजार वाढला की बऱ्याचदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते; आयुष्यभर मराठीत व्यवहार केलेली आजी एके दिवशी फक्त तेलुगूतून बोलायला लागते आणि मराठी सुनेला वाटतं, ही बडबडते आहे. चाचण्यांचंही तेच. 'आजची तारीख सांगा', 'शंभरातून सात वजा करा' हे प्रश्न पाटी न धरलेल्या माणसाला विचारून त्याला नापास करणं सोपं आहे. हरियाणात बल्लभगडला नव्वदच्या दशकात संशोधकांनी निरक्षरांसाठी ही चाचणी नव्याने घडवली. आपल्याकडच्या कार्यकर्त्याने पेरणी झाली का, कोणता सण गेला, बाजार कोणत्या वारी भरतो, असं विचारावं.

शिवाय हंगाम. दसरा-दिवाळीनंतर कंधार, मुखेड, अहमदपूरच्या डोंगराळ पट्ट्यातून माणसं उसाला जातात. घरी म्हातारं आणि शाळेतली पोरं उरतात. ज्या म्हाताऱ्याला गॅस बंद करायचं लक्षात राहत नाही त्याच्यावर नातवंडांचा भार, किंवा नातवंडांवर त्याचा. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांतून डॉक्टर-इंजिनिअर झालेली मुलं पुण्यात, बंगळुरात. ती पैसे वेळेवर पाठवतात. पैशाने बाई ठेवता येते, पण ती बाई काय शिकून येते? कुठे सहा महिने ऊस, कुठे नुसता पुण्याहून फोन, अशा या घरांसाठी भेटींचं वेळापत्रक शहरातल्या केंद्रासारखं सोमवार ते शुक्रवार आखून भागणार नाही.

माणसं हरवतात. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत, पंढरीच्या वारीत, नांदेड स्टेशनवर. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे चालत निघून जातात. त्यांना जेवू घालणारी, सांभाळून घेणारी असते माहुताची गरीब बायको चन्नम्मा. या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्माला आजाराचं नाव माहीत नाही. समोरचा म्हातारा लेकरासारखा झाला आहे एवढं तिला दिसतं आणि ती तसं वागते. मुलगी मात्र अपराधी वाटून घेत, चिडत, थकत जाते. चित्रपट तिलाही दोषी ठरवत नाही, म्हणून तो मोठा. प्रशिक्षणात व्याख्यानांआधी हा चित्रपट दाखवावा, असं माझं मत आहे.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण घर मोडतं ते तिथे. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार रुपये, निवृत्तांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, आधारला न जुळणारे बोटांचे ठसे, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे विसरणाऱ्याचा अंगठा घेऊन केलेलं जमिनीचं खरेदीखत. यासाठी वेगळं प्रकरण दिलं आहे. ज्येष्ठांसाठीची 14567 ही मदतवाहिनी आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस 14416 हे दोन्ही क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

शेवटी एक नाजूक मुद्दा. या भागात ख्रिस्ती समाज लहान आहे, आणि चर्चचं माणूस दारात आलं की 'बाटवायला आले' ही शंका येणारच. ती शंका अपमान मानू नये. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण तर बऱ्याचदा होकार-नकार देण्याच्या स्थितीतही नसतो; त्याच्यासमोर स्वतःची प्रार्थना म्हणणं म्हणजे त्याच्या असहायतेचा फायदा घेणं होय. बोलणं गेलेल्या माणसालाही लहानपणी पाठ झालेलं बऱ्याचदा येतं, म्हणून प्रार्थना लागतेच, पण ती त्याची. हरिपाठ असेल, नमाज असेल, अरदास असेल, तांड्यावरचं सेवालाल महाराजांचं भजन असेल. ख्रिस्ती घर असेल तर मराठी उपासना-संगीत. कार्यकर्तीला यातलं काही येत नसेल तर शेजारून येणारं कुणी शोधावं. पहिल्या दोन भेटींत गावातल्या आशाताईला बरोबर न्यावं, आणि संस्थेचा खर्च कुठून येतो ते विचारायच्या आधी सांगून टाकावं.

पुस्तिका सुरुवातीपासून क्रमाने वाचायची गरज नाही. जिच्याकडे रात्री झोपायला वेळ नाही तिने आंघोळ, जेवण, लघवी आणि रात्रीची भटकंती ही चार प्रकरणं आधी वाचावीत. पुण्यात राहणाऱ्या मुलाने पैशांचं आणि सुट्टीचं प्रकरण वाचावं. वर्षातून किती दिवस येऊन आईला आपण स्वतः सांभाळणार, हे वहिनीला लिहून देण्यासाठी त्यात एक कोरा तक्ता जोडला आहे.